दुष्काळानंतर माळावरचे कुरण कसे सावरावे : नागपूर परिसरासाठी मार्गदर्शन

नागपूर जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी हजार ते अकराशे मिलीमीटर पाऊस पडत असल्यामुळे येथील गवताला दुष्काळाची झळ ती काय बसणार, असे बाहेरच्या माणसाला वाटणे स्वाभाविक आहे. परंतु काटोल, नरखेड आणि कळमेश्वर या पश्चिमेकडील तालुक्यांत काळ्या खडकावर वीतभर माती आणि तिच्याखाली लगेच मुरूम, अशी बरड जमीन जागोजागी आढळते. तेथे मुरलेले पाणी फार दिवस टिकत नाही आणि पावसाने तीन आठवडे दडी मारली तरी गवत करपू लागते. राज्य शासनाने ऑक्टोबर २०१८ मध्ये ज्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत हे तिन्ही तालुके होते. पुढील विवेचन अशा बरड माळांसाठी, गावच्या गुरचरणासाठी आणि शेताच्या कडेला राखलेल्या खासगी कुरणांसाठी आहे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट आधीच सांगितलेली बरी. बहुवर्षायू गवत नुसत्या दुष्काळाने सहसा समूळ मरत नाही. दुष्काळात ते अशक्त होते आणि पुढच्या मृगात पहिल्या पावसाबरोबर त्याने उरलासुरला जीव एकवटून जी कोवळी पाती काढलेली असतात, ती उपाशी गुरांनी खाल्ल्यावर मरते. म्हणून कुरण सावरण्याचे खरे काम जून, जुलै आणि ऑगस्ट या तीन महिन्यांचे आहे आणि त्यातील मोठा भाग गुरे बाहेर ठेवण्याचा आहे. खोदकाम, पेरणी आणि लागवड ही कामे त्यानंतर येतात, आणि तीही जेथे गरज असेल तेथेच.

पाऊस येण्याआधी ठोंब तपासणे

मध्य भारताच्या पठारावरील गवताळ आच्छादनाला शास्त्रज्ञ पवना आणि मारवेल या दोन गवतांच्या नावाने ओळखतात. ही दोन्ही गवते बहुवर्षायू असून ठोंब करून वाढतात. त्यांची पाने उन्हाळ्यात वाळून जातात, परंतु जमिनीलगतच्या बुंध्यात पुढच्या वर्षीच्या फुटव्यांचे डोळे आणि त्यांना लागणारा अन्नसाठा सुरक्षित असतो. दुष्काळाच्या वर्षी हा साठा कमी पडतो, मुळांचा बराच भाग वाळतो आणि ठोंबातले काही फुटवे मरतात. त्यामुळे पुढच्या वर्षी पाऊस भरपूर झाला तरी गवताचे उत्पन्न लगेच पूर्ववत होत नाही, कारण पाणी असले तरी ते वापरणारे फुटवेच कमी उरलेले असतात. चांगला पाऊस होऊनही माळ विरळ दिसतो तेव्हा लोक जमिनीला दोष देतात, पण कारण बहुधा मागच्या वर्षात असते.

मे महिन्याच्या अखेरीस, रोहिणी नक्षत्र लागले की, हातात विळा घेऊन माळावर जावे. एखादा ठोंब जमिनीपासून दोन बोटे उंचीवर कापावा आणि एकेका फुटव्याचा बुंधा नखाने सोलून पाहावा. वरची वाळलेली आवरणे निघाल्यावर आत पांढरट-हिरवट, किंचित ओलसर गाभा दिसला, तर तो फुटवा जिवंत आहे. गाभा तपकिरी आणि भुसभुशीत असेल, किंवा मुठीत धरून ओढताच ठोंब मुळांसकट अलगद हातात येत असेल, तर तो मेलेला समजावा. जुन्या ठोंबाचा मध्यभाग मेलेला आणि कडेचे वर्तुळ जिवंत, असे दृश्य नेहमीचे आहे. मधला भाग पाहून संपूर्ण ठोंब मेला असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये.

त्यानंतर मोजणी करावी. चार काठ्या बांधून एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद चौकट तयार करावी, माळाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ चालत जाऊन ठरावीक पावलांवर ती जमिनीवर ठेवावी आणि प्रत्येक वेळी आतले जिवंत ठोंब मोजून वहीत लिहावेत. चौकट चांगल्या जागी ठेवण्याचा मोह आवरावा, नाहीतर मोजणीला अर्थ राहत नाही. वीस-पंचवीस जागांची सरासरी काढली की माळाची स्थिती कळते. माझ्या मते दर चौरस मीटरला दोन किंवा अधिक जिवंत ठोंब असतील, तर त्या माळाला बियाण्याची गरज नाही, केवळ विश्रांती पुरेशी आहे. सरासरी एकाच्या आसपास असेल, तर विश्रांतीबरोबर उघड्या पडलेल्या तुकड्यांवर थोडी लागवड करावी. चौकटींमागून चौकटी रिकाम्या निघाल्या, तरच पेरणीचा विचार करावा.

यांपैकी चार-पाच जागा कायमच्या ठेवाव्यात. तेथील दगडांवर रंगाची खूण करून दरवर्षी त्याच जागांची मोजणी करावी आणि त्याच कोनातून छायाचित्र घ्यावे. अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातील हेज येथे १९३२ पासून अशाच कायम चौकटींतील गवताचे नकाशे काढले गेले. १९३०च्या दशकातील भीषण अवर्षणानंतर तेथील कुरण कसे मेले आणि कसे परतले, हे जॉन वीव्हर आणि फ्रेड अल्बर्टसन या अभ्यासकांना इतक्या बारकाईने मांडता आले, त्यामागे अशा चिकाटीच्या नोंदी होत्या. जेथे थोडे का होईना जिवंत गवत उरले होते तेथे ते पसरून जमीन झाकू शकले, आणि जेथे जमीन पूर्ण उघडी पडली होती तेथे आधी वर्षायू तणांचे राज्य आले, हा त्यांच्या निरीक्षणांचा गाभा आपल्या माळांनाही लागू पडतो.

पहिल्या पावसापासून पोळ्यापर्यंत

नागपुरात मोसमी पाऊस साधारणपणे जूनच्या मध्याला स्थिरावतो. दोन-तीन चांगल्या सरी झाल्या की आठवडाभरात माळ हिरवा दिसू लागतो आणि येथेच फसगत होते. ही पहिली हिरवळ बहुतांशी वर्षायू गवतांची आणि तरोट्यासारख्या तणांची असते. त्यांचे बी मातीत पडून राहिलेले असते आणि ओल मिळताच ते उगवते. बहुवर्षायू गवताचे फुटवे त्यांच्या आडोशाला हळूहळू निघत असतात. त्यांची पहिली दोन-तीन पाने बुंध्यातील साठ्यावर वाढतात, म्हणजे वनस्पती त्या काळात खर्च करत असते आणि तिची कमाई अजून सुरू व्हायची असते. याच वेळी ती पाने ओरबाडली गेली, तर तिला पुन्हा साठ्यातून नवी पाने काढावी लागतात, आणि दुष्काळाने आधीच रिकामा केलेला साठा अशा दुसऱ्या-तिसऱ्या खर्चाला पुरत नाही.

वर जितकी पाने कापली जातात, त्याचा परिणाम खाली मुळांवर होतो. अमेरिकेच्या कृषी विभागातील फ्रँकलिन क्रायडर यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले की गवताचा निम्मा पाला काढला तर जेमतेम २ ते ४ टक्के मुळांची वाढ थांबते, परंतु ८० टक्के पाला एकदम काढला तर सगळ्याच मुळांची वाढ सुमारे १२ दिवस ठप्प होते. आपल्या वीतभर मातीत पावसाचा खंड पडतो तेव्हा खडकाच्या भेगांपर्यंत मुळे पोहोचली आहेत की नाहीत, यावरच गवताचे जगणे अवलंबून असते. जुलैमधले ते बारा दिवस गमावणे दुष्काळातून उठलेल्या कुरणाला परवडत नाही.

म्हणून पहिल्या चांगल्या पावसापासून पोळ्यापर्यंत कुरणात एकही जनावर जाऊ देऊ नये. पोळ्याची खूण मी मुद्दाम सुचवतो. सरकारी परिपत्रकातली तारीख गावात कोणाच्या लक्षात राहत नाही, पण पोळा प्रत्येक गुराख्याला ठाऊक असतो, आणि तोपर्यंत दोन ते अडीच महिन्यांची वाढ झालेली असते. दुष्काळानंतरच्या पहिल्या वर्षी तर पोळ्यानंतरही चराई न करता बी पिकून गळेपर्यंत, म्हणजे दिवाळीपर्यंत, थांबावे आणि मग गवत कापून न्यावे. कापताना जमिनीपासून चार ते सहा बोटांचा खुंट ठेवावा, कारण पुढच्या वर्षीचे डोळे त्याच भागात असतात.

हे सांगणे सोपे आणि पाळणे अवघड आहे, याची मला पूर्ण जाणीव आहे. दुष्काळाच्या वर्षानंतर जूनमध्ये गोठ्यात चारा नसतो, गायी-म्हशींची हाडे दिसू लागलेली असतात आणि समोर हिरवा माळ असतो. तेव्हा बंदीचा ठराव करण्याआधी त्या दोन महिन्यांच्या वैरणीची सोय झाली पाहिजे. सोयाबीन, तूर आणि हरभऱ्याचे कुटार, ज्वारीचा कडबा आणि पूर्वेकडील धानपट्ट्यातून येणारी तणीस यांचा हिशेब मार्चमध्येच करावा. नंतर भाव चढतात आणि बंडीभर कुटारासाठीही वणवण होते. तणशीसारखा निकृष्ट चारा युरिया प्रक्रियेने सुधारता येतो. शंभर किलो वाळल्या तणशीवर चार किलो युरिया पन्नास-साठ लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडावा, ढीग दाबून प्लास्टिकने हवाबंद झाकावा आणि एकवीस दिवसांनी उघडावा. उघडल्यावर काही वेळ पसरून वास जाऊ द्यावा. ही वैरण सहा महिन्यांखालील वासरांना देऊ नये आणि युरियाचे पाणी कोणत्याही जनावराच्या तोंडी लागणार नाही याची कडक खबरदारी घ्यावी. पहिल्यांदा करताना पशुवैद्यकाला सोबत घ्यावे.

कुरणाचा साधारण चौथा भाग, जो आधीच सर्वाधिक खराब झालेला आणि तणांनी भरलेला आहे, तो गुरांसाठी मोकळा ठेवावा. त्या भागाचे नुकसान होईल हे मान्य करूनच असे करावे. संपूर्ण बंदी कागदावर राहते आणि रात्री मोडली जाते, तर तीन चतुर्थांश भागाची बंदी गाव स्वतः पाळू शकते, असा माझा ठाम विश्वास आहे. सकाळी आखरावर गुरे जमतात तेथेच गुराख्यांना हद्द प्रत्यक्ष चालून दाखवावी. भुकेली जनावरे याच दिवसांत शेजारच्या कोवळ्या ज्वारीत घुसतात. पाण्याच्या ताणात वाढलेली कोवळी ज्वारी विषारी असते आणि काही वेळातच जनावर दगावू शकते, हेही त्यांना सांगून ठेवावे.

बाहेरून येणाऱ्या कळपांचाही विचार आधी करावा. मेंढी जमिनीलगत कुरतडते, म्हणून नव्या फुटव्यांना तिचा धोका जास्त असतो. शेळी त्या मानाने झुडपांचा पाला पसंत करते. मेंढपाळांचे वाटेतले मुक्काम पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असतात. त्यांना हुसकावण्यापेक्षा जाण्याची वाट आणि मुक्कामाची जागा नेमून द्यावी. त्यांच्या लेंडीखताने शेताचा फायदाच होतो.

उघड्या जमिनीवर पाणी मुरवणे

दुष्काळात वाळवीने आणि वाऱ्याने पालापाचोळा नाहीसा केलेला असतो आणि गुरांच्या खुरांनी माती घट्ट झालेली असते. पावसाचे थेंब अशा मातीवर आदळून वर पातळ पापुद्रा तयार करतात आणि पाणी आत न शिरता वाहून जाते. याची खात्री स्वतः करून घेता येते. दोन्ही बाजूंनी उघडा केलेला पत्र्याचा डबा उघड्या जमिनीत तीन बोटे खोल ठोकावा, त्यात एक लिटर पाणी ओतावे आणि ते जिरायला लागणारा वेळ पाहावा. तोच डबा नंतर जिवंत ठोंबाशेजारी ठोकून पुन्हा पाहावे. ठोंबाजवळ पाणी मुळांच्या वाटांनी भराभर उतरते आणि उघड्या जागी ते डबक्यासारखे थबकून राहते. ग्रामसभेसमोर हा प्रयोग करून दाखवला, तर गवत आणि विहिरीचे पाणी यांचा संबंध वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

उघड्या तुकड्यांवर बोर, बाभूळ यांच्या काटेरी फांद्या आडव्या पसराव्यात. हा उपाय अत्यंत साधा आणि माझ्या दृष्टीने सर्वांत परिणामकारक आहे. फांद्यांमुळे गुरे तेथे पाय ठेवत नाहीत, वाहते पाणी मंदावते, त्याबरोबर येणारी माती, पाचोळा आणि बी तेथेच अडकते, आणि खाली पडणाऱ्या विरळ सावलीत ओल काही दिवस अधिक टिकते. उतारावर पाण्याने घळी पाडायला सुरुवात केली असेल, तर जागेवरचेच दगड समतल रेषेत एका थराने मांडावेत.

मात्र जिवंत ठोंब असलेल्या माळावर यंत्राने समतल चर खोदू नयेत. चर खोदताना त्या पट्ट्यातील गवत तर जातेच, शिवाय खालचा मुरूम वर येऊन दोन्ही बाजूंचे गवतही गाडले जाते, आणि वीतभर माती एकदा उलटली की ती पुन्हा तयार व्हायला माणसाचे आयुष्य पुरत नाही. जमिनीची कायदेशीर नोंदही आधी तपासावी. पूर्व विदर्भातील पुष्कळसे माळ महसुली दप्तरात झुडपी जंगल म्हणून नोंदलेले आहेत आणि सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये अशा जमिनी वनजमिनी असल्याचे स्पष्ट केले आहे. तेथे कोणतेही काम वन विभागाच्या परवानगीशिवाय करता येत नाही.

बियाणे आणि ठोंबांची लागवड

जेथे चौकटी रिकाम्या निघाल्या, तेथे बी आसपासच्याच माळावरून आणावे. दूरच्या भागातील सुधारित वाण आपल्या मुरमाड जमिनीत पहिल्या वर्षी जोमाने दिसले, तरी पुढच्या खंडात ते टिकतील याची शाश्वती नसते. पवना आणि मारवेल यांचे तुरे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिकतात. सगळे दाणे एकाच दिवशी तयार होत नाहीत, म्हणून काही दिवसांच्या अंतराने पुन्हा पुन्हा जाऊन, हलक्या हाताने ओढल्यावर सुटणारे तेवढेच बी घ्यावे. ते सावलीत वाळवून कापडी पिशवीत, उंदरांपासून दूर ठेवावे. ताज्या बियांपैकी बऱ्याच बिया काही महिने सुप्तावस्थेत असतात, त्यामुळे त्या पुढच्या जूनसाठीच राखाव्यात. पेरण्यापूर्वी ओल्या कापडावर शंभर बिया ठेवून किती उगवतात ते पाहावे, कारण गवताच्या तुऱ्यांत पोकळ दाण्यांचे प्रमाण बरेच असते.

बी फार हलके असल्यामुळे ते बारीक माती आणि शेणखतात कालवून पेरावे आणि वर अर्ध्या बोटापेक्षा जास्त माती येऊ देऊ नये. निसर्गाने कुसळी गवताला दिलेली युक्ती येथे पाहण्यासारखी आहे. तिच्या दाण्याला लांब, पीळ पडलेले कुसळ असते. ते ओले झाले की पीळ सुटतो, वाळले की पुन्हा बसतो, आणि या फिरण्यातून दाण्याचे टोकदार बूड मातीच्या भेगेत शिरते. तळहातावर एक कुसळ ठेवून त्यावर पाण्याचा थेंब टाकला, तर ते डोळ्यांदेखत वळते. याच गुणामुळे बिघडलेल्या माळावर कुसळी लवकर पसरते. काही जण तिला शत्रू समजून उपटतात, ते योग्य नाही. कुसळी वाढलेली असणे हे कुरण खालावल्याचे लक्षण आहे हे खरे, परंतु ती जमीन धरून ठेवते आणि तिच्या आडोशाने पवना-मारवेल परत येऊ शकतात. कुसळे गुरांच्या तोंडात रुततात, म्हणून ती तुऱ्यावर येण्याआधी कापून खाऊ घालावी.

मारवेलच्या बाबतीत बियांपेक्षा मुळांसह फुटवे लावणे अधिक भरवशाचे ठरते. जुलैमध्ये झड लागलेली असताना दाट जागेतील मोठा ठोंब निम्मा खोदून घ्यावा, दोन-तीन फुटव्यांचे तुकडे करावेत, पाने अर्धी छाटावीत आणि त्याच दिवशी हातभर अंतरावर लावून पायाने माती दाबावी. उरलेला निम्मा ठोंब जागेवरच वाढू द्यावा.

तणांपैकी गाजरगवत आणि रानतुळस ही दोन फुलण्यापूर्वी, ऑगस्टमध्येच उपटावीत. गाजरगवताने त्वचेला आणि श्वासाला त्रास होतो, म्हणून हातमोजे व तोंडाला रुमाल असावा. तरोट्याची चिंता करू नये. कोवळा असताना त्याची भाजी घरोघरी होते आणि बहुवर्षायू गवत दाट झाले की तो आपोआप मागे हटतो. फेब्रुवारीपासून वणव्याचे दिवस सुरू होतात, तेव्हा कुरणाभोवती दोन-तीन मीटर रुंदीची जाळरेषा स्वच्छ ठेवावी. निरोगी कुरण एखादी आग सोसते, पण दुष्काळातून नुकत्याच उठलेल्या ठोंबांवर दोन वर्षे तरी आग जाऊ देऊ नये. आणि माळ उघडा दिसतो म्हणून त्यावर झाडे लावण्याची मोहीम कोणी आणली, तर तिला नम्रपणे पण निश्चयाने नकार द्यावा. पवना उन्हातले गवत आहे, दाट सावलीत ते टिकत नाही.

चराई पुन्हा सुरू करताना

दुसऱ्या वर्षी पोळ्यानंतर मर्यादित चराई सुरू करता येते. ती किती असावी, हे पुन्हा त्याच चौकटीने ठरवावे. ऑक्टोबरमध्ये दहा-बारा जागी चौकटीतील गवत कापून, पूर्ण वाळवून वजन करावे. समजा सरासरी २०० ग्रॅम भरली, तर हेक्टरी उत्पन्न २,००० किलो झाले. त्यातील निम्मे कुरणासाठी सोडले की १,००० किलो वापरता येतात. जनावराला रोज वजनाच्या सुमारे अडीच टक्के कोरडा चारा लागतो, म्हणजे तीनशे किलोच्या गवळाऊ गायीला साडेसात किलो. वर्षाचे हे सुमारे २,७०० किलो होतात. याचा अर्थ अशा माळावर एका गायीमागे जवळपास पावणेतीन हेक्टर कुरण हवे. हा आकडा ग्रामसभेत ऐकवला की आधी शांतता पसरते आणि मग खरी चर्चा सुरू होते. ज्यांच्याकडे शेत आणि कुटार आहे त्यांनी आपली गुरे मागे ठेवावीत आणि भूमिहीन पशुपालकांना कुरणात पहिला हक्क द्यावा, असे माझे मत आहे.

कुरणाचे चार भाग करून पाळीपाळीने चारावे आणि दरवर्षी एक भाग पूर्ण पावसाळाभर, बी गळेपर्यंत बंद ठेवावा. पुढच्या वर्षी बंदीचा भाग बदलावा. म्हणजे चार वर्षांत प्रत्येक भागाला एकदा बी टाकण्याची संधी मिळते.

सावरण्याच्या या काळातच पुन्हा पावसाने दगा दिला, तर निर्णय ऑगस्टच्या अखेरीस घ्यावा, जानेवारीची वाट पाहू नये. पोळ्याच्या सुमारास खुणेच्या चौकटींतील गवत मागील वर्षीच्या निम्म्यावर असेल, तर त्याच आठवड्यात भाकड जनावरे कुरणातून काढावीत, कुटाराची खरेदी सुरू करावी आणि सर्वांत दाट भाग त्या वर्षासाठी पूर्ण बंद करावा. त्या भागातील ठोंब आणि बी यांतूनच पुढे इतर भागांसाठी लागवडीचे साहित्य मिळते.